तंबोऱ्याचे पॉलिश आणि फोमची बैठक

प्रश्न : मिरजेहून आणलेला तंबोरा फोम लावलेल्या स्टँडवर ठेवतो. उन्हाळ्यात भोपळ्यावर चिकट, निस्तेज डाग पडला. पॉलिश निकृष्ट आहे का? स्पिरिटने पुसावे का?
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : दोष बहुधा पॉलिशचा नसून बैठकीचा आहे. मिरजेच्या तंबोऱ्याला (२०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले) परंपरेने लाखेचे पॉलिश असते. लाख ही किड्यापासून मिळणारी राळ. उष्णतेने ती मऊ पडते आणि दाबाखाली टेकलेल्या वस्तूचा ठसा घेते. परभणीत तर मे महिन्यात पारा सर्रास चाळिशीपार असतो. त्यात रबर, रेक्झिन आणि काही फोममधून झिरपणारी तेलकट द्रव्ये पॉलिश बिघडवू शकतात. नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या गिटारींना याचा त्रास सर्वाधिक होतो. पॉलियुरेथेनचा थर मात्र सहसा टिकतो.

स्पिरिट अजिबात लावू नये. लाख त्यातच विरघळते, त्यामुळे डागाबरोबर पॉलिशही निघेल. ओले फडकेही नको, पाण्याने लाखेवर पांढुरके चट्टे येतात. तंबोरा काही दिवस सावलीत, हवेशीर जागी मोकळा ठेवावा. चिकटपणा गेल्यावर कोरड्या सुती फडक्याने हलकेच पुसावा. उरलेला डाग कारागीर तेवढ्याच भागावर पॉलिशचा हात फिरवून झाकू शकतो.

भोपळ्याखाली धुतलेल्या, बिनरंगी सुती कापडाची जाड चुंबळ उत्तम. फोमवर नुसते पातळ कापड गुंडाळणे पुरेसे नाही, द्रव्ये त्यातूनही पोहोचतात. गवसणीही सुतीच असावी.