पॅड नवे, पिन जुनीच

ब्रेक दाबला की पिकअपच्या उजव्या पुढच्या चाकातून खरखर ऐकू यायची. पॅड गेल्याच वर्षी गॅरेजमध्ये बदलून घेतले होते. चाकाच्या फटीतून डोकावलं तर बाहेरचा पॅड चांगला जाडजूड. चाक उतरवल्यावर खरा प्रकार कळला. आतल्या पॅडची नुसती लोखंडी पट्टी उरली होती आणि तिनं डिस्कवर नख अडकेल एवढे चर पाडले होते.

कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यातली खालची गंजून धरली होती. इकडे मिशिगनमध्ये बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते गाडीखालचं लोखंड खातं. कॅलिपर सरकेनासा झाला की सगळा भार पिस्टनकडच्या, म्हणजे आतल्या पॅडवर येतो. गॅरेजवाल्यानं पॅड नवे घातले, पिनांना हातही लावला नाही.

म्हणून घरी हे काम काढाल तेव्हा आधी पिना बघा. घासून साफ करा, रबरी टोप्या फाटल्या असतील तर बदला आणि ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसनं रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

ब्रेक बदलण्याच्या व्हिडिओंत जुनी डिस्क हातानं अलगद निघते. त्या गाड्यांनी बहुधा मीठ पाहिलेलं नसतं. आमच्याकडे हातोडाच लागतो. ठोकताना चाकाचे दोन नट सैल लावून ठेवा, नाहीतर सुटलेली डिस्क पायावर येते. नवी बसवण्याआधी हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं पूर्ण काढा. तिथं खपली राहिली तर डिस्क वाकडी बसते आणि पुढे पेडल थरथरतं. नव्या डिस्कवरचा तेलाचा थर ब्रेक क्लीनरनं पुसा. डिस्क आणि पॅड दोन्ही बाजूंचे बदला.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून काम करू नका, खाली स्टँड लावाच. कॅलिपर होजवर लोंबकळत न ठेवता तारेनं बांधा. पिस्टन आत दाबताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर येतं. रंगावर सांडलं तर रंग उडवतं.

सगळं जोडून झाल्यावरचा पहिला ब्रेक सर्वांत धोक्याचा. पिस्टन आत गेलेले असतात, त्यामुळे पेडल थेट तळाला जातं. गाडी हलवण्याआधी ते घट्ट लागेपर्यंत दाबत राहा आणि टाकीतलं ऑइल तपासा. तरीही मऊच लागलं, तर गाडी अंगणाबाहेर काढू नका. मेकॅनिकला घरी बोलवा.