लिथॉप्सची पाने सुरकुतली, पाणी घालू का?

प्रश्न : कुंडीतल्या लिथॉप्सला मधोमध चीर पडून आत नवी पाने दिसत आहेत, पण बाहेरची मऊ पडून सुरकुतली आहेत. पाणी कमी पडतंय का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पाणी मुळीच घालू नका. तुमचे झाड मरत नाही, कात टाकते आहे. नवी जोडी जुन्या पानांतलेच पाणी शोषून वाढते. जुनी कागदासारखी वाळेपर्यंत थांबायचे. ती हाताने सोलूही नयेत. या काळात पाणी दिले की जुनी पाने पुन्हा टरारतात आणि एकावर एक जोड्या साचून झाड बेढब होते किंवा कुजते.

गारगोटीसारखे दिसणारे लिथॉप्स मूळचे दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातल्या कोरड्या खडकाळ माळांवरचे. १८११ मध्ये निसर्ग-अभ्यासक विल्यम बर्चेल यांनी तिथे एक विचित्र गारगोटी म्हणून उचलली, ती हे झाड निघाली!

आपल्याकडे त्याला मारतो तो पावसाळा. जूनपासून कुंडी छताखाली, वारा खेळेल अशा जागी ठेवा. भर उन्हाळ्यात ते सुप्त असते. तेव्हाही पाणी जवळजवळ नको, दुपारच्या उन्हाला जाळी हवी. पावसाळा सरल्यावर, फुलण्याच्या दिवसांत, माती पूर्ण सुकली की भरपूर पाणी द्या.

मुळे खोल जातात, म्हणून कुंडी चार-पाच इंच खोल हवी. तीन भाग चाळलेला मुरूम व जाड वाळू, एक भाग पानांचे खत. कोकोपीट मात्र नको. रोपवाटिकेतून त्यातच आले असेल, तर नवी पाने स्थिरावल्यावर बदला.