'पतनिर्मिती' की 'पैसानिर्मिती'? : एका पारिभाषिक संज्ञेचा विचार

अर्थशास्त्राची मराठी परिभाषा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आकार घेऊ लागली. लोकहितवादींचे 'लक्ष्मीज्ञान' १८४९ मधले. १८५४ मध्ये हरि केशवजी आणि रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडचे विश्वनाथ नारायण मंडलिक यांचे 'देशव्यवहारव्यवस्था', आणि पुढच्याच वर्षी कृष्णशास्त्री चिपळूणकरांचे 'अर्थशास्त्रपरिभाषा' प्रसिद्ध झाले. सहा-सात वर्षांत शास्त्राच्या नावालाच तीन पर्याय सुचले, यावरून त्या काळची चाचपणी ध्यानात येते. पुढे परिभाषा बहुतांशी इंग्रजीच्या आधाराने वाढली आणि इंग्रजीतील संदिग्धताही तिच्यात उतरली. 'पतनिर्मिती' ही संज्ञा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

बँक कर्ज देते तेव्हा कर्जदाराच्या कर्जखात्यावर रक्कम नावे पडते आणि त्याच्या ठेवखात्यात तीच जमा होते. दुसऱ्या कोणाच्या ठेवीतून ती उचललेली नसते. नवी ठेव हाच नवा पैसा. बँक ऑफ इंग्लंडच्या त्रैमासिकाने २०१४ मध्ये ही प्रक्रिया निःसंदिग्धपणे मांडली आहे. इंग्रजी पाठ्यपुस्तकांतील 'क्रेडिट क्रिएशन'चे मराठीत शब्दशः 'पतनिर्मिती' झाले. तथापि 'क्रेडिट' हा शब्द विश्वास, उधारी आणि खात्यावरील जमा असे तिन्ही अर्थ वाहतो. 'पत' मुख्यतः पहिलाच. मराठीत पत असते ती माणसाची. ती कमवावी लागते, सांभाळावी लागते, प्रसंगी जातेही. सावकार पत पाहून कर्ज देई; ती निर्माण करणे त्याच्या हाती नव्हते.

फ्रेंच परिभाषा येथे अधिक नेमकी आहे. तिच्यातील 'क्रेआस्यों मोनेतॅर' या संज्ञेत निर्मिती स्पष्टपणे पैशाची आहे. नोटांना ती विश्वासवाचक 'फिद्युसिएर' हे विशेषण लावते, तर बँकठेवींच्या पैशाला लेखनवाचक 'स्क्रिप्त्युराल'. इंग्रजीत त्याचे 'बँक मनी' होते आणि लेखनाचा अर्थ गळून पडतो. मराठीला मात्र तो परका नाही. 'नावे' आणि 'जमा' हे वहीतलेच शब्द आहेत. 'लेखी पैसा' म्हटले तर लेखी पुराव्याची आठवण होते, म्हणून 'खातेपैसा' हा पर्याय अधिक ग्राह्य वाटतो.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर कोकणातील घरे पिढ्यान्‌पिढ्या चालली. पैसा एका ठिकाणाहून निघून दुसरीकडे पोहोचतो, हाच तेथला अनुभव. मनिऑर्डरीबाबत तो खराच होता. बँकेच्या कर्जाबाबत तो दिशाभूल करतो, आणि 'पतनिर्मिती' ही संज्ञा विद्यार्थ्याचा तो समज दूर करीत नाही.

कर्जफेडीच्या वेळी तर तिची विसंगती उघडच होते. कर्ज फिटले की निर्माण झालेला खातेपैसा नाहीसा होतो. मराठी माणसाच्या लेखी मात्र कर्ज वेळेवर फेडणाऱ्याची पत वाढते.