वारीचा डबा आणि घरचा हिशेब

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वारकऱ्याची एक जुनी अडचण आहे, ती आधी सांगतो. मृग लागला की घरात होती नव्हती ती पुंजी सरकी, सोयाबीनचे बियाणे आणि खत यांत जाते, आणि नेमकी त्याच सुमारास आषाढी येऊन उभी राहते. कापूस घरात यायला दसरा उजाडावा लागतो. म्हणजे पांडुरंगाचे बोलावणे येते तेव्हा हात रिकामा, आणि कार्तिकीला हातात दोन पैसे येतात तेव्हा वेचणी सोडून निघता येत नाही. येथून पंढरी पाचशे किलोमीटरांहून दूर. मग पुष्कळ माळकरी काय करतात? उसने काढतात. "वारी चुकू देली नाही जी महाराज, पाच हजार उचलले," असे अभिमानाने सांगणारे मला भेटले आहेत. किती टक्क्यांनी उचलले, असे विचारले की मान खाली जाते.

शेकडा पाच रुपये महिना हा दर खेड्यात कोणाला फार वाटत नाही, कारण तो महिन्याने सांगितला जातो. वर्षाने सांगितला तर तो शेकडा साठ होतो. पाच हजारांचे सहा महिन्यांनी साडेसहा हजार द्यावे लागतात. ते दीड हजार रुपये ना चंद्रभागेला पोचले, ना दिंडीच्या पंगतीला. अशी वारी विठोबाला आवडत असेल असे मला तरी वाटत नाही. आणि म्हणून, वारीचा पैसा घरच्या काटकसरीतून वर्षभर कसा जमवावा, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

कोणी म्हणेल, हरिभक्ताने पैशाची चर्चा कशाला करावी? सज्जनहो, आपली संतमंडळी प्रपंचातलीच होती. गोरोबा मडकी घडवीत, नामदेवराय शिंप्याच्या कुळातले, सावतोबा अरणला मळा राखीत. नाथमहाराजांची देवगिरीवरची गोष्ट तर आपण सगळ्यांनी कीर्तनात ऐकली आहे. जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबात एका पैची चूक लागेना, म्हणून एकनाथ रात्रभर वह्या घेऊन बसले, आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैसाठी एवढा आनंद, तर हे चित्त भगवंताकडे लागले तर केवढा होईल! कीर्तनकार नेहमी उत्तरार्ध रंगवून सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण पूर्वार्धही ध्यानात ठेवावा. नाथ उठले ते चूक सापडल्यावरच. आपल्याकडे किती घरांत वही आहे?

तुकोबांचेही तसेच. घरी महाजनकी, दुकान, देणेघेणे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात सारे गेले, पहिली पत्नी अन्नान्न करून गेली. पुढे घरातल्या कर्जखतांचे दोन वाटे करून भावाचा भावाला दिला आणि आपला वाटा त्यांनी इंद्रायणीत बुडवला. ही गोष्ट ऐकताना आपण डोळे पुसतो, पण एक बारीक भेद विसरतो. तुकोबा घेणेकरी होते. आपण देणेकरी आहोत, आणि आपले खत बुडवायला नदीकाठी कोणी बसलेले नाही. सरकारने २००८, २०१७ आणि २०१९ साली कर्जमाफी केली, ती बँकेच्या पीककर्जाची. किराणा दुकानाच्या वहीतली उधारी तीत कधी बसली नाही.

आपल्या वऱ्हाडचेच गाडगे महाराज (जन्म १८७६, देहावसान २० डिसेंबर १९५६) हे फार कळवळ्याने सांगत. दापुऱ्याला मामाची शेती सावकाराच्या कर्जात गेलेली त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिली होती. ऋण काढून सण करू नका, लग्नात उधळू नका, घरातले ताट विका पण पोराला शाळेत घाला, असा त्यांच्या कीर्तनाचा रोख. मुलीच्या बारशाला जातभाईंच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटण न देता गोडाचे जेवण घातले, ते त्यांनी भर तारुण्यात.

आता कामाचे बोलू. नोकरदाराला पगार महिन्याने मिळतो, त्याचे अंदाजपत्रक महिन्याचे. कास्तकाराचा पैसा वर्षातून तीनचार वेचण्यांत येतो आणि खर्च मात्र रोज होतो. त्यामुळे आपली बचत ही रोज चिमूटभर कमी खाण्यात नसते, ती कापूस विकला त्या दिवशी ठरते. पहिल्या वेचणीला शेतात सीतादहीची पूजा करतो, तेव्हाच घरच्या माणसांनी बसून वाटे ठरवावेत. पहिला वाटा पीककर्जाचा. मुदतीत फेडले तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेने तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज पडत नाही, आणि मुदत चुकली की ती सवलत गेली. दुसरा वाटा पुढच्या मृगाचा, आणि हा सर्वांत महत्त्वाचा, कारण यालाच आपण हात घालतो. कृषी केंद्रातून २०,००० चा माल उधार घेतला आणि शेकडा तीन लागले, तर महिन्याला ६०० आणि डिसेंबरपर्यंत ३,६०० वर जातात. शिवाय उधारीचा भाव वेगळा असतो, आणि दुकानदार देईल तीच थैली घ्यावी लागते. रोख घेणारा निवडून घेतो, पक्की पावती मागतो. हा वाटा घरात ठेवू नये, बँकेत ठेवावा. घरात ठेवला तर तो तिळसंक्रांतीलाच संपतो, असा माझा अनुभव आहे.

सोयाबीनचे बियाणे दरसाल विकत घ्यायला हवेच असेही नाही. सरळ वाणाचे घरचे बियाणे चालते. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत, सत्तर उगवले तर एकरी ३० किलो पेरायला हरकत नाही. दाण्याचे साल नाजूक असते, म्हणून पोती आपटू नयेत आणि एकावर एक फार रचू नयेत. संकरित कपाशीच्या सरकीला मात्र हे लागू नाही, ती विकतच घ्यावी लागते.

स्वयंपाकघराचा विचार माउल्यांनी आमच्यापेक्षा जास्त केलेला असतो, त्यांना मी काय शिकवणार? एकच गोष्ट बोलतो, कारण ती मला दरसाल खुपते. आपण पिकवतो तूर, सगळी बाजारात नेतो, आणि चार महिन्यांनी डाळ दुकानातून आणतो. विकताना भाव दुसऱ्याचा, घेतानाही दुसऱ्याचा. पाच माणसांच्या घराला रोज पाव किलो डाळ धरली तर वर्षाला नव्वद किलोंच्या वर लागते. एका क्विंटल तुरीची सत्तर किलोंच्या आसपास डाळ पडते, चुनी ढोरांना होते. म्हणजे सव्वा ते दीड क्विंटल तूर घरात राहू द्यावी. ज्वारीचेही तेच. बांधाच्या कडेने चार तास ज्वारी आणि अंबाडी पेरली तर भाकरीला दुकान लागत नाही आणि भाजीलाही पुष्कळ दिवस लागत नाही. कोणी म्हणतो, "ज्वारी वानेर खातात जी." खातात, खरे आहे. राखण करावी लागते.

माळेने आपली मोठी बचत आपोआप केली आहे. दारू नाही, मटण नाही. पण गळ्यात तुळशी आणि गालात खर्रा, असे देखावे दिंडीतही दिसतात. खर्रा वीस रुपयांचा धरा, दिवसाला दोन धरा. चाळीस रुपये रोज, वर्षाला १४,६००. नवराबायको दोघांच्या वारीचा खर्च भागून पोराच्या वह्यापुस्तकांना उरावेत एवढे ते पैसे आहेत, आणि तोंडाच्या रोगाचे भय वेगळेच. पानठेल्यावर वही असते म्हणून हा खर्च कोणाच्या हिशेबात येत नाही.

आता थोडे आपल्याच पंगतीतले बोलतो, रागावू नये. सप्ताहाची वर्गणी घरटी सारखी का? ज्याला वीस एकर ओलीत आहे आणि जी विधवा बाई निंदणाला जाते, दोघांनाही एकच पावती फाडणे हे भागवतधर्माला शोभत नाही. ती बाई उसने आणून वर्गणी देते, कारण गावात तोंड दाखवायचे असते. मंडप लहान घाला, भोंगे कमी लावा, आणि तिची पावती ठेवूच नका. तिने पंगतीत भाकरी वाढली तरी तिची सेवा रुजू झाली. तेरवीचेही असेच. मेलेल्याच्या नावाने जिवंताचे शेत गहाण पडू नये.

राहिला वारीचा डबा. एकादशी म्हणजे उपवास, म्हणजे पोट हलके. पण हल्ली साबुदाणा, शेंगदाणे, भगर, बटाट्याचा चिवडा, तेल, असा थाट होतो की रोजच्या वरणभाकरीपेक्षा एकादशी महाग पडते. मी सुचवतो ते असे. उपवास साधा करावा, आणि त्या दिवशी वाचलेले पन्नास रुपये डब्यात टाकावेत. वर्षात २४ एकादश्या, अधिकमास आला तर २६. एकट्याचे १,२००, दोघांचे २,४०० होतात. मजुरी करणाऱ्याने वीस टाकावेत, रक्कम मोठी नसली तरी चालेल, नेम चुकू नये. ज्याला महिन्याला शंभर जमतात त्याने पोस्टात आवर्ती ठेव उघडावी, ती शंभरापासून निघते आणि पाच वर्षांची असते. प्रवासालाही आता सवलत आहे. एसटीत ७५ वर्षांवरच्या माणसांना ऑगस्ट २०२२ पासून भाडे नाही, आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे आहे. बँकेत खाते असेल तर वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा निघतो, वय १८ ते ७० असावे लागते. रस्त्याने पायी चालणाऱ्या वारकऱ्याने तो काढूनच निघावे.

हा डबा दारव्हा तालुक्यातल्या एका माळकरी बाईने दोन वर्षे नेमाने चालवला. पहिल्या वर्षी ती दिंडीबरोबर जाऊन आली, कोणाचा एक रुपया न घेता. दुसऱ्या वर्षी पेरणी झाली आणि पावसाने दडी मारली. पेरलेले करपले, दुबार पेरणी आली. ज्येष्ठ वद्य एकादशीला भजनाला भेटली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

"महाराज, डबा फोडला जी. सरकीले पैसे नव्हते. विठोबाचे पैसे मातीत टाकले, पाप तं नाही लागन?"

मी म्हटले, "माय, सावतोबाचा देव मळ्यातच होता. तू सावकाराकडे गेली नाहीस, हे त्याला पोचले."

तिचे समाधान झाले की नाही, मला ठाऊक नाही. त्या आषाढीला ती घरीच राहिली, गावच्या देवळात दिवसभर टाळ घेऊन उभी होती. पंधरा दिवसांनी, आषाढ वद्य एकादशीला, देवळातून परत जाताना तिने मला ओट्यावर बोलावून रिकामा डबा दाखवला आणि माझ्यासमोर त्यात पहिले पन्नास टाकले.