काचेचा पडदा : कोणाला काय दिसणार, हे कोण ठरवतं?

प्रश्न : घड्याळांच्या एका दुकानात काचेवर जाहिरात हलत होती आणि त्याच काचेतून मागची घड्याळंही दिसत होती. काचेपलीकडच्या विक्रेत्याला ती अक्षरं उलटी दिसत असतील का? अशा पडद्याच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळं चित्र दाखवता येईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : विक्रेत्याला अक्षरं उलटी दिसतील किंवा जवळपास दिसणारच नाहीत. पडदा कोणत्या जातीचा आहे, त्यावर ते अवलंबून आहे. दोन बाजूंना वेगवेगळं चित्रही दाखवता येतं, फक्त त्याची किंमत पारदर्शकतेत मोजावी लागते. ती कशी, ते समजण्यासाठी आधी घरातल्या खिडकीशी जाऊ.

दुपारी विरळ पडद्याआड बसलेल्या आजीला रस्त्यावरची सगळी ये-जा दिसते, पण रस्त्यावरच्या माणसाला आजी दिसत नाही. दिवेलागणीला घरात ट्यूबलाइट लागली की नेमकं उलटं होतं. पडदा तोच, त्याची वीणही तीच. कापडावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग परत फिरतो, काही छिद्रांतून पलीकडे जातो. ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूने कापडच चमकतं आणि नजर तिथेच अडते. अंधाऱ्या बाजूने मात्र पलीकडचं उजळ दृश्य आरपार दिसतं. म्हणजे कापड किती विरळ आहे याच्याइतकंच दोन्हीकडच्या उजेडाचं प्रमाणही महत्त्वाचं. पारदर्शक पडदे बनवणारे अभियंते या प्रमाणाशीच झुंजत असतात.

आता दुकानातली काच. ती एलसीडी असेल तर तिला स्वतःचा प्रकाश नसतो. मागच्या पेटीतल्या दिव्यांचा उजेड घड्याळांवर पडतो आणि तोच प्रकाश पडद्यातून गाळून बाहेर येतो. पण एलसीडीला ध्रुवकाची (पोलरायझरची) पट्टी लागते आणि नुसती तीच निम्म्याहून जास्त प्रकाश गिळते. त्यामुळे पेटीत भरपूर दिवे नसतील तर घड्याळं मिणमिणती दिसतात.

ओएलईडीची तऱ्हा वेगळी. तिचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि ठिपक्यांशेजारी मोकळी, आरपार जागा सोडलेली असते. ठिपक्याच्या दोन्ही बाजूंचे विद्युत्‌-थर पारदर्शक ठेवले तर प्रकाश दोन्हीकडे जातो आणि मागच्या माणसाला तेच चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं. एका बाजूचा थर धातूचा, प्रकाश परतवणारा केला तर बहुतेक प्रकाश एकाच दिशेला जातो. मग विक्रेत्याला ना सुलटी अक्षरं दिसतात, ना उलटी.

ओएलईडीच्या पारदर्शक पडद्यांची एक गंमत म्हणजे त्यांना काळा रंग दाखवताच येत नाही. काळं म्हणजे प्रकाशाचा अभाव, आणि जिथे प्रकाश नाही तिथे मागची भिंत दिसते. नायिकेच्या काळ्याभोर केसांतून तुमच्या दिवाणखान्यातलं कॅलेंडर डोकावलं तर कसं वाटेल? २०२४च्या जानेवारीत लास व्हेगासला एलजीने ७७ इंची पारदर्शक टीव्ही दाखवला. त्यात चक्क मागून वर सरकणारा काळा पडदा बसवला होता. बटण दाबलं की तो वर येतो आणि टीव्ही नेहमीच्या टीव्हीसारखा दिसू लागतो.

उलट्या अक्षरांचं कोडं जुनं आहे. यूट्यूबवर काचेमागे उभं राहून शिकवणारे शिक्षक तुम्ही पाहिले असतील. ते उलटं लिहीत नाहीत. ते नेहमीसारखंच लिहितात आणि चित्रफीतच आडवी उलटवली जाते, म्हणून उजव्या हाताने लिहिणारे शिक्षक पडद्यावर डावखुरे वाटतात. जपानच्या एनटीटी कंपनीतल्या हिरोशी इशी आणि मिनोरू कोबायाशी यांनी १९९२मध्ये मांडलेल्या ‘क्लिअरबोर्ड’मध्ये हीच युक्ती होती. दोन वेगळ्या खोल्यांतली माणसं जणू एकाच काचेच्या दोन बाजूंना बसून चित्र काढत. चित्रफीत उलटवल्यामुळे दोघांनाही अक्षरं सुलटी दिसत आणि समोरच्याची नजर कुठे आहे तेही कळे.

पण माणसं खरोखरच एका काचेच्या दोन बाजूंना उभी असतील तर काय? कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात जियानन ली, सॉल ग्रीनबर्ग आणि एहुद शार्लिन यांनी २०१४मध्ये असा पडदा मांडला. त्यांनी आजीच्या खिडकीसारखंच विरळ विणीचं कापड घेतलं आणि दोन्ही बाजूंनी एकेक प्रोजेक्टर लावला. ज्या बाजूचा प्रोजेक्टर, त्या बाजूच्या धाग्यांवर त्याचं चित्र उमटतं. त्यामुळे दोघांना वेगवेगळं दाखवता येतं, किंवा तोच मजकूर दोघांनाही सुलटा वाचता येतो. छिद्रांतून समोरचा माणूसही दिसतो.

मात्र दाखवायचा मजकूर दाट आणि उजळ झाला की धागे चमकतात आणि समोरचा माणूस फिका पडतो. त्याचं बोट कशाकडे आहे तेच दिसेनासं झालं तर पारदर्शक पडद्याचा उपयोग काय? म्हणून या संशोधकांनी बोटाच्या हालचालीचा माग पडद्यावर रेषेने उमटवला. माणूस अंधूक झाला तरी त्याची खूण ठळक राहते. सोय चांगली आहे, पण ती पडद्याची मर्यादा कबूल करणारीही आहे.

काचेचं पारदर्शकपण हवं तेव्हा बंदही करता येतं. अशा काचेतल्या प्लास्टिकच्या पातळ थरात द्रवस्फटिकाचे सूक्ष्म थेंब अडकवलेले असतात. वीज नसताना थेंबांतले रेणू अस्ताव्यस्त असतात, प्रकाश विखुरतो आणि काच दुधाळ दिसते. वीज दिली की रेणू एका दिशेने रांगेत उभे राहतात आणि काच स्वच्छ होते. काच दुधाळ असताना प्रोजेक्टरचं चित्र तिच्यावर छान उमटतं. सिंगापुरातल्या बुकित पांजांग रेल्वेमार्गावरच्या गाड्यांत वेगळ्या कारणासाठी काचा धूसर होतात. गाडी इमारतींच्या अगदी जवळून जाऊ लागली की त्या आपोआप धुकटतात, म्हणजे प्रवाशांना लोकांच्या घरात डोकावता येत नाही.

एकालाच दिसेल आणि दुसऱ्याला नाही, अशी सर्वांत साधी काच मात्र तुम्ही टीव्हीवर कितीदा पाहिली असेल. नेत्यांच्या भाषणाच्या वेळी दोन्ही बाजूंना तिरप्या काचा उभ्या असतात. खाली ठेवलेल्या पडद्यावरची अक्षरं त्या काचेत प्रतिबिंबित होऊन फक्त वक्त्याला दिसतात, श्रोत्यांना दिसते ती नुसती काच. हीच तिरपी काच वापरून जॉन हेन्री पेपर यांनी १८६२मध्ये लंडनच्या रंगमंचावर भूत उभं केलं होतं.

आज रात्री हे घरीच करून पाहा. खोलीतला दिवा चालू ठेवून खिडकीच्या काचेसमोर उभे राहा, तुमचाच चेहरा दिसेल. मग दिवा मालवा, रस्ता दिसेल. तुम्ही काचेला हातही लावलेला नसेल, बदललेला असेल तो फक्त उजेड.