ऊसनोंदीचा अर्ज : चौकोन कोठे, गोल कोठे?



मोबाईलवरील ऊसनोंदीचा अर्ज बनविताना आम्ही एक नियम पाळतो. उत्तरे अनेक असू शकतात तेथे चौकोन, म्हणजे चेकबॉक्स. विहीर, बोअर, कुरनूर धरणाचे पाणी, यांपैकी जी जी सोय असेल त्या सर्वांवर खूण करावी. उत्तर एकच तेथे गोल : आडसाली, पूर्वहंगामी, सुरू किंवा खोडवा. आडसालीला पक्व व्हायला १६ ते १८ महिने, सुरूला सुमारे १२. दोन्हींवर खूण पडली तर तोडीची पाळी कशी लावायची? म्हणून हा रकाना सक्तीचा ठेवतो आणि कोणतीही खूण आधीच भरून ठेवत नाही. नाहीतर न वाचता पुढे गेलेल्याचा ऊस भलत्याच हंगामात नोंदला जायचा! लागण आणि खोडवा दोन्ही असल्यास अर्ज वेगवेगळे भरावेत. पाठविण्यापूर्वी गट नंबर व लागणीची तारीख एकवार ताडून पाहावी, ही विनंती.