भाड्याचे घर ठरवण्याआधी: ब्रिटनमधले ऊर्जा प्रमाणपत्र कसे वाचावे
नंदुरबार जिल्ह्यातून येणाऱ्या नवागतांसाठी

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूरकडून ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला येणारी मुले घर शोधताना आधी भाडे विचारतात, मग स्टेशन किती लांब ते. इथे बरेच हिवाळे काढलेल्या आम्हा मराठी कुटुंबांचे सांगणे आहे की, त्यासोबत घराचे ऊर्जा प्रमाणपत्रही वाचा. इथे त्याला सगळे ‘ईपीसी’ म्हणतात. साधारण ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत घर तापवावे लागते. घर उष्णता धरून ठेवत नसेल तर भाड्यात वाचलेले पाउंड गॅस-विजेच्या बिलात जातात आणि खोली गारच राहते.

अक्षर काय सांगते

घराला १ ते १०० असे गुण मिळतात आणि त्यावरून ए ते जी हे अक्षर ठरते. ९२ किंवा त्याहून जास्त ए, ८१ ते ९१ बी, ६९ ते ८० सी, ५५ ते ६८ डी, ३९ ते ५४ ई, २१ ते ३८ एफ आणि त्याखाली जी. तापवणे, गरम पाणी आणि दिवे यांच्या अंदाजी खर्चावर हे गुण ठरतात. घरात माणसे किती, ती किती वेळ घरी असतात, थर्मोस्टॅट किती अंशांवर ठेवतात, हे त्यात धरलेले नसते. म्हणून दोन घरांची तुलना करायला अक्षर उपयोगी. तुमचे नेमके बिल मात्र त्यावरून कळत नाही.

प्रमाणपत्र १० वर्षे चालते. सरकारी नोंदवहीत पत्ता किंवा पोस्टकोड टाकून ते कोणालाही फुकट पाहता येते. स्कॉटलंडची नोंदवही वेगळी आहे. गावाकडे बसूनही हे काम होते. तारीख जरूर पाहा. आठ-नऊ वर्षांपूर्वीचे प्रमाणपत्र असेल, तर त्यानंतर खिडक्या किंवा बॉयलर बदललाय का, हे एजंटला विचारा.

अक्षराखालच्या ओळी

खरी माहिती खाली असते. भिंत, छत, खिडक्या, तापवण्याची सोय, गरम पाणी अशा एकेका गोष्टीपुढे ‘व्हेरी पुअर’पासून ‘व्हेरी गुड’पर्यंत शेरा दिलेला असतो.

- *भिंत:* ‘सॉलिड ब्रिक, नो इन्सुलेशन’ म्हणजे जुनी भरीव विटांची भिंत. हिवाळ्यात ती गार पडते. ‘फिल्ड कॅव्हिटी’ म्हणजे दोन भिंतींमधली पोकळी उष्णतारोधक मालाने भरलेली; हे चांगले.
- *छत:* आपल्याकडच्या धाब्याच्या घरात मातीचा जाड थर मे महिन्याचे ऊन आत येऊ देत नाही. इथे माळ्यावर अंथरलेले इन्सुलेशन उलट कामाला येते. ते आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. खनिज लोकर असेल तर २७० मिलिमीटर जाडी चांगली मानतात.
- *तापवण्याची सोय:* ‘बॉयलर अँड रेडिएटर्स, मेन्स गॅस’ असेल तर खर्च आवाक्यात राहतो. विजेचे युनिट गॅसच्या युनिटपेक्षा जवळपास चौपट महाग पडते. त्यामुळे ‘रूम हीटर्स, इलेक्ट्रिक’ दिसले की हिशेब पुन्हा करा. ‘स्टोरेज हीटर’ रात्रीच्या स्वस्त विजेवर तापतात. मीटर त्या दराचा आहे का, ते विचारा.

तुमचा हक्क

इंग्लंड आणि वेल्समध्ये १ एप्रिल २०१८ पासून नव्या भाडेकरारासाठी आणि १ एप्रिल २०२० पासून चालू करारांसाठीही घर किमान ई दर्जाचे असावे लागते. एफ किंवा जी असेल तर घरमालकाकडे नोंदवलेली सूट हवी. प्रमाणपत्राची प्रत भाडेकरूला फुकट द्यावी लागते. एकच खोली घेत असाल तर तिचे वेगळे प्रमाणपत्र बहुधा नसते. अख्ख्या घराचे आहे का, ते पाहा. गॅस सुरक्षेचा कागद वेगळा असतो आणि त्यासाठीची तपासणी दरवर्षी व्हावी लागते. तोही मागून घ्या.

राहायला आल्यावर

पहिल्याच दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढा. मीटर आगाऊ पैसे भरण्याचा आहे का, ते विचारा. प्रमाणपत्रात हे लिहिलेले नसते. वरण-भात शिजताना आणि फोडणी देताना एक्झॉस्ट चालू ठेवा. कपडे घरात वाळत घातले तर खिडकी थोडी उघडा. बंद घरातली वाफ गार भिंतीवर जमते आणि तिथे काळी बुरशी धरते. लहान मूल किंवा दम्याचा माणूस घरात असेल तर याकडे दुर्लक्ष नको.

दुसऱ्या देशात जाणाऱ्यांसाठी

आयर्लंडमध्ये याला ‘बीईआर’ म्हणतात; ए१ ते जी अशी श्रेणी असते आणि दर चौरस मीटरला वर्षाकाठी किती युनिट ऊर्जा लागते, ते त्यात असते. जर्मनीत श्रेणी ए प्लस ते एच अशी आहे. तिथे प्रमाणपत्राचे दोन प्रकार असतात: एक आधीच्या रहिवाशांच्या तीन वर्षांच्या वापरावरचा, दुसरा इमारतीच्या मोजमापावरचा. पहिल्यात त्या माणसांच्या सवयी मिसळलेल्या असतात, म्हणून दुसरा अधिक भरवशाचा.

गावाकडच्या घरासाठी

आई-वडिलांसाठी एसी किंवा फ्रिज घेताना बीईईचे तारे पाहालच; त्यासोबत लेबलवरचे वर्षाचे युनिट आणि लेबलची मुदतही वाचा. निकष वेळोवेळी कडक होतात, म्हणून जुने पाच तारे आणि आजचे पाच तारे सारखे नसतात. घर बांधणार असाल तर ‘इको निवास संहिता २०१८’ची आठवण आर्किटेक्टला करून द्या. भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला आपल्यासारख्या उष्ण हवामानात तिने दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा घातली आहे. तुमचे घर लहान असल्याने संहिता लागू होत नसली, तरी तो आकडा समोर ठेवून भिंती आणि खिडक्यांची दिशा ठरवा. घर मुळातच कमी तापले तर लहान एसीवरही भागते.